शप् धातूचे नत्थूगुरुजी

भंडाऱ्याच्या तहसील कचेरीबाहेर नत्थूगुरुजी लोकांची शपथपत्रं लिहून द्यायचे, आणि ऐन सहीच्या वेळी गिऱ्हाइकाच्या हातातलं पेन काढून घ्यायचे.

"थांब बापू. शपथ कशातून आली, माहीत हाये? शप् धातूतून. शापबी त्यातूनच. सख्खे बहीणभाऊ हायेत. शपथ म्हंजे आपणच आपल्याले देल्लेला शाप. खोटं लिवशीन तं लागते. कर आता सही!"

मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करतो. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं उठून माझ्याकडे यायची. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला एक ट्रॅक्टरवाला तर घाम पुसत म्हणाला, "राहू द्या गुरुजी, दाखलाच नोको." गुरुजींनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं. कुणी चिडून शिवी दिली तरी हसायचे. "शिवी वाऱ्यावर जाते लेका. शापाले विचार करा लागते."

मागच्या उन्हाळ्यात त्यांची वहिनी आली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, तेव्हापासून गुरुजींचा थोरला भाऊ नव्या वसाहतीत रमलाच नाही. एक दिवस 'पाण्याकडून फिरून येतो' म्हणून निघाला, तो आला नाही. खूप शोधलं. त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. वसाहतीतलं घर वहिनीच्या नावावर करायला सख्ख्या भावाचं शपथपत्र हवं होतं. गुरुजी दरवेळी पुढच्या महिन्यावर ढकलत होते.

"देऊन टाका लिहून, भाऊजी," वहिनी म्हणाली. "माह्यानं आता चकरा होत नाही."

गुरुजींनी कागद ओढला. 'मी शपथेवर लिहून देतो की' इथवर आले आणि हात थांबला. मग कागद माझ्याकडे सरकवला. "तू टाइप कर. मी सांगतो." 'मयत' हा शब्द ते इतक्या हळू बोलले की मला पुन्हा विचारावं लागलं.

सही करताना त्यांना कुणी थांबवलं नाही. कागदाकडे बघत ते पुटपुटले, "खोटं निघो हे. लागू दे मले."

वहिनीनं कागद पिशवीत ठेवला. "भाऊजी, कुंकू मी पुसणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"कायले पुसता?" गुरुजी म्हणाले. ती नको नको म्हणत असताना त्यांनी तिची पिशवी घेतली, आणि भर उन्हात दोघं बसस्टँडकडे चालू लागली.