डोमाजीची बाज

मोतीलालबाबूंनी ठरवलं ते एवढंच, की वडलांची बाज समोरच्या ओसरीतून उचलून मागच्या परसात न्यायची. घर तेच, बाज तीच, वडीलही तेच. पण त्या एवढ्याशा कामानं बालाघाटातला आमचा सगळा मोहल्ला पाठमोरा होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती बाज तिथं कधी टाकली, हे जुन्या माणसांनाही आठवत नव्हतं. डोमाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, गुडघे कामातून गेलेले, पण कान शाबूत. समोरून पाऊल वाजलं की ते विचारणार, "कोन आहे रे? कोनाचा तू?" मग तो दूधवाला असो की तहसीलदार. उत्तर मिळालं की त्याच्या आजाची गोष्ट सुरू. कोणाच्या आजानं परसवाड्याच्या बाजारात आंधळा बैल विकला, कोणाचा आजा हट्ट्याच्या बावडीत पागोटं पाडून उघड्या डोक्यानं वरातीत गेला, सगळं डोमाजींपाशी जमा. कुणी हरवलं, कुणी नवीन आलं, तर सगळे त्या बाजेपाशी येऊन विचारत.

मोतीलालबाबू जंगल खात्यात कारकून. हापिसात टेबल, पंखा, घंटी. आणि घरी दारातच खोकला, तंबाखू आणि थुंकायचा डबा. तरी त्यांनी ते पुष्कळ वर्षं सोसलं. पण आदल्या साली गोंदियाची पार्टी त्यांच्या अंजनाला पाहायला आली, तेव्हा डोमाजींनी मुलाला जवळ बोलावलं, गोऱ्हा पारखावा तशी पाठ चाचपली आणि म्हणाले, "जरा दात दाखव बापा." मुलगा कंपाउंडर होता. त्यानं दात दाखवले नाहीत, पाठ दाखवली. चहा तसाच ठेवून मंडळी छोट्या लाइनीच्या, नॅरोगेजच्या गाडीनं परत गेली. (आमची न त्यांची भिंत एकच, म्हणून हे कानावर येतं. मुद्दाम कोणी ऐकत नाही.)

आता खैरलांजीचं स्थळ आलं होतं. मुलगा वसंता शाळेत मास्तर, वडील चैतराम धानाचे शेतकरी, घर चांगलं. अंजनाचं वय त्या दिवसांच्या मानानं चढलेलं. हेही स्थळ गेलं तर पुढं कोण येतं, या विचारानं मोतीलालबाबूंचं जेवण तुटलं होतं. म्हणून त्यांनी वेताच्या दोन खुर्च्या आणल्या, टेबलावर कशिद्याचा रुमाल टाकला आणि बाजेला हात घातला.

"मामंजींले मागं काहून नेऊन राह्यले जी?" त्यांच्या बायकोनं, अनुसयानं विचारलं.

"मागं हवा चांगली आहे."

"हवा तं समोर बी आहे."

बाबूंनी हापिसात खाकरतात तसं खाकरून विषय फाइल केला. डोमाजी उठले. चंची घेतली, काठी घेतली, परसातल्या शेवग्याखाली बाजेवर बसले आणि बराच वेळ कान देऊन राहिले. मग एवढंच म्हणाले, "अन् इकडं मानूस कोन येते रे?"

कोणी आलं नाही, असा तो एकच दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पोस्टमन फकिरा समोर थबकला, ओसरी रिकामी पाहून घाबरला आणि मागच्या गल्लीतून शोधत आला. त्याच्यामागून भाजीवाली आली. मग गुराखी, न्हावी, आणि नातवाचं नाव काय ठेवावं विचारायला एक म्हातारी. आठवडा भरायच्या आत मागच्या गल्लीला तुडवून तुडवून वाट पडली, आणि समोरच्या वेताच्या खुर्चीत मोहल्ल्याचं कुत्रं झोपू लागलं. मोतीलालबाबूंना वाटलं, घराला आता जरा शिस्त आली.

पाहुण्यांचा दिवस उगवला. बाबूंनी लग्नातला कोट चढवला (बटणं लागत नव्हती, ती त्यांनी फॅशन म्हणून उघडी ठेवली) आणि समोरच्या दारात "पधारिये, पधारिये" असं मनातल्या मनात म्हणत उभे राहिले.

इकडं चैतराम आणि वसंता बसमधून उतरले आणि त्यांनी मोतीलालबाबूंचं घर विचारलं. स्टँडवरचे विचारात पडले. मोतीलाल कोण? बऱ्याच वेळानं कुणाला तरी उमगलं, की अरे, डोमाजीचा पोरगा. मग काय, सगळ्यांनी मिळून वाट सांगितली, की डोमाजीची बाज हल्ली मागच्या गल्लीत असते.

म्हणून पाहुणे मागून आले. शेणाच्या गोवऱ्यांवरून, म्हशीच्या शेपटीखालून, थेट शेवग्यापाशी. अनुसया चुलीपाशी घामाघूम. अंजना फाटकं लुगडं खोचून विहिरीवर पाणी ओढत होती. पाहुणे पाहताच ती शेवग्याच्या खोडाआड झाली. (शेवग्याचं खोड ते केवढं.)

"कोन आहे रे? कोनाचा तू?"

"मी चैतराम जी. खैरलांजीच्या महागूचा पोरगा."

डोमाजींनी काठी खाली ठेवली. "महागूचा? अरे, तुया बाप अन् मी परसवाड्याले संगं गाड्या नेत होतो. चढावर आला का बैलाले गाणं म्हने तो. बैल पयत सुटे." ते हसले, खोकले, परत हसले. "कसा आहे महागू?"

"गेले जी. गेल्या पोयाच्या सनाले."

डोमाजींनी हात पुढं केला आणि चाचपत चैतरामच्या डोक्यावर ठेवला. चैतराम स्वतः पिकल्या केसांचे, सुनानातवंडांचे. पण बाजेच्या पायाशी ते मातीतच बसले. म्हणाले, "बाबा गेल्यापासून मले कोनी इचारलंच नाही, का तू कोनाचा म्हनून."

अनुसयानं पदर डोळ्यांना लावला. (भिंतीच्या अलीकडेही कुणी कुणी लावला.) आणि तेवढ्यात डोमाजी वसंताकडं वळले.

"हा नातू का? ये इकडं. जरा दात दाखव बापा."

अनुसयाच्या हातातला झारा थांबला. वसंता मास्तर पुढं आला. मग वाकला आणि त्यानं डोमाजींच्या अंधुक डोळ्यांसमोर सगळे दात दाखवले. शेवग्यामागं खुदकन आवाज झाला, आणि मग अंजनाला हसू काही आवरेना.

"माये दात पाह्यले," वसंता म्हणाला, "अन् तिचे बी दिसले आता."

तेवढ्यावर सगळं ठरलं.

मोतीलालबाबू मात्र अजून समोर उभे होते. वाट पाहून ते चौकात गेले, चौकातून स्टँडवर. बस रिकामी उभी. पाहुणे आलेच नाहीत, हेही स्थळ गेलं, असं धरून ते मागं फिरले. मोहल्ल्याला तोंड कसं दाखवावं, म्हणून कोटाची कॉलर वर करून मागच्या गल्लीनं गुपचूप परसात शिरले.

"कोन आहे रे? कोनाचा तू?"

मोतीलालबाबूंनी कॉलर खाली केली. बाजेभोवती पाहुणे, हातात चहा, ताटात करंज्या.

"बाबा," ते कसेबसे म्हणाले, "तुमचाच."

"मंग बस. चहा घे," डोमाजी म्हणाले आणि चैतरामकडं वळून समजावलं, "घरातलाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीलालबाबू ती बाज डोक्यावर घेऊन समोर आले. लग्नाचा मांडव घातला तो बाजेला मधोमध धरून. वऱ्हाडातल्या एकेकाला डोमाजींनी "कोनाचा तू" विचारलं, आणि सगळे रांग लावून सांगत होते.

आता डोमाजी नाहीत. छोट्या लाइनीची गाडी तशीच धावते, पण मोहल्ल्यात कोणी कोणाच्या आजाला ओळखत नाही. पोरं हिंदीत बोलतात, कामाला भिलाईला जातात. मोतीलालबाबू रिटायर झाले. त्यांच्या मुलानं सोफा आणला, तो आत. आणि ओसरीत बाबू स्वतः बाजेवर बसतात, जाणाऱ्यायेणाऱ्याला अडवतात. लोक थांबतात, पण आजाच्या गोष्टीच बाबूंना ठाऊक नाहीत, त्यामुळं ते "बरं बरं" म्हणून सोडून देतात.

परवा नवा पोस्टमन आला आणि मोतीलालबाबूंचं घर आम्हालाच विचारू लागला. आम्हीही विचारात पडलो. नाव ओळखीचं वाटत होतं. मग लक्षात आलं आणि मी बोट दाखवून सांगितलं, "ते पाहा, डोमाजीच्या बाजेवर जे म्हातारे बसले आहेत ना, ते."

बाबूंनी ऐकलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी बाजेवर जरा ऐसपैस बसून घेतलं आणि पोस्टमनला म्हणाले, "हौ, तोच मी. पन तू कोनाचा रे?"

पोस्टमन हिंदीत म्हणाला, "पोस्ट ऑफिस का."