प्रभाग सातचे माननीय गतिरोधक

कोळथडी नगरपरिषदेच्या गेल्या निवडणुकीत प्रभाग सातमधून शाळेसमोरचा गतिरोधक निवडून आला. मी त्याची सूचक होते आणि आता स्वीय सहायक आहे, त्यामुळे जे सांगते ते कागदाला धरून सांगते. ऐकीव काही नाही.

माझं नाव विमल ठोसर. शाळा नंबर तीनच्या कोपऱ्यावर माझी इस्त्रीची टपरी. कोळशाची इस्त्री, सासूच्या हातची, पाच शेर वजनाची. समोर रस्ता आणि रस्त्यात तो.

पोरांना रस्ता ओलांडता यावा म्हणून अकरा वर्षं आम्ही तिथे गतिरोधक मागत होतो. एका साली आमचा अर्ज चुकून मतदार नोंदणीच्या गठ्ठ्यात गेला आणि यादीत नाव आलं: गतिरोधक, वय सव्वीस, पुरुष, राहणार शाळा नंबर तीनसमोर. नाव काढायचं तर मतदाराची स्वतःची सही लागते, नाहीतर मृत्यूचा दाखला. दोन्ही नव्हतं. मग पडताळणीला आलेल्या गुरुजींनी शेरा मारला, "मतदार पत्त्यावर आढळला नाही." आता यादी खोटी ठरणार म्हटल्यावर नगरपरिषदेची धावाधाव झाली आणि आठ दिवसांत गतिरोधक बांधून झाला. अकरा वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही, ते एका शेऱ्याने झालं.

निवडणूक लागली तेव्हा आमच्या प्रभागात दोन उमेदवार होते. एकाने इतके पक्ष बदललेले की घरात नुसत्या उपरण्यांची गोधडी झाली असती. दुसरा सकाळी आम्हाला सांगायचा, आठवडी बाजार इथून हलवतो, आणि दुपारी बाजारात जाऊन सांगायचा, कोण हलवतो तेच बघतो. मी म्हटलं, अरे, यांच्यापेक्षा आपला गतिरोधक काय वाईट? तो निदान सकाळी असतो तिथेच संध्याकाळी सापडतो. लोकांना पटलं. मी अर्ज भरला.

छाननीत हरकती आल्या. गुन्हे नव्हते. दोनांवर अपत्यं नव्हती. शौचालय वापरल्याचा दाखला मात्र नव्हता, त्यावर विरोधी वकील अडून बसला. निवडणूक अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, "उमेदवार उघड्यावर जातो का?"

"नाही," वकील म्हणाला.

"मग हरकत फेटाळली."

निवडून आल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो हजेरीचा. सहा महिने सभेला आला नाही तर सदस्यत्व जातं. मुख्याधिकारी कुलथे साहेब नियमाला पक्के. ते म्हणाले, "सदस्याने सभेला यावं असं नियमात आहे. सभेने सदस्याकडे जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही." तेव्हापासून दर महिन्याची सभा आमच्या रस्त्यावर भरते. मांडव पडतो, सतरंज्या येतात, वाहतूक मारुतीच्या देवळामागून वळवतात. रस्त्यात मांडव घालायला कोळथडीत कुणाची ना नसते, लग्नाची सवय आहे.

सदस्य कामाचा निघाला. लोक तक्रार घेऊन फटफटीवर तावातावाने यायचे, त्याच्यापाशी आले की गाडी हळू करावीच लागायची आणि तेवढ्यात बरेचदा तक्रारच बदलायची. आमचा केशव तांबट शेजाऱ्याच्या नावाने शंख करत आला होता. तिथे थांबला, डोकं खाजवलं आणि मला म्हणाला, "विमलकाकू, नाली तुंबलीय खरी, पण माझ्याच खरकट्याने तुंबलीय." आणि गेला परत. अशा निकाली तक्रारींची वही माझ्याकडे आहे.

सगळं सुरळीत होतं, तोवर नगराध्यक्ष दत्तूशेठ भालसिंग यांनी ठराव आणला. शाळेचं मैदान मोडून तिथे व्यापारी संकुल बांधायचं. सदस्य एकूण सतरा. दत्तूशेठ धरून आठ त्यांच्या बाजूचे, आठ विरोधातले आणि सतरावा आमचा.

पद्धतीप्रमाणे दोन्ही बाजूंनी आपापले सदस्य अभ्यास दौऱ्याच्या नावाखाली रिसॉर्टवर नेऊन ठेवले. सतराव्यासाठी दत्तूशेठनी जेसीबी पाठवला. चालक खोरं टेकवणार, एवढ्यात कुलथे साहेब नियमावली घेऊन धावत आले.

"शेठ, हा उपटलात तर गतिरोधक राहत नाही, खडी होते. आणि खडीला मताधिकार नाही. जागा रिक्त होईल. पोटनिवडणूक लागेल."

जेसीबी गेला. मग सत्कार झाला. शाल आणि नारळ आला, अंगावर नवे पिवळे-पांढरे पट्टे ओढले. पक्षाचं उपरणंही आडवं घातलं, ते उसाच्या ट्रकच्या चाकाला लागून साखर कारखान्यावर गेलं. सदस्याने त्यावर काही मत दिलं नाही.

शेवटी दत्तूशेठ माझ्याकडे आले. टपरीच्या बाकड्यावर बसले, चहा सांगितला. माणूस गोड बोलायला लागला की मी आधी इस्त्री जागेवर ठेवते.

"विमलताई, तुमचं नि त्यांचं बरं जमतं. त्यांच्या मनात काय आहे?"

"ते बोलत नाहीत शेठ."

"तेच म्हणतो मी. बोलायला तुम्ही आहात. संकुलात दर्शनी गाळा तुमच्या नावावर. पक्कं छत, विजेची इस्त्री. आणि नाही म्हणालात, तर ही टपरी अतिक्रमणात येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे." चहा न पिताच ते उठले. "पत्र लिहून आणा. सदस्यांचा कल अनुकूल आहे. एवढंच."

आता खोटं कशाला बोलू, मला गाळा हवा होता. एकोणीस वर्षं मी उन्हात निखारे फुंकतेय. मैदानाचं काय, मैदान काय खायला घालतं? असं मनाला दहा वेळा बजावलं आणि पत्र लिहिलं. नवी साडी नेसले आणि शेठच्या वाड्याकडे निघाले.

रस्ता ओलांडताना त्यालाच ठेचकाळले. रोज ओलांडते, त्या दिवशी ठेचकाळले. पत्र हातातून सुटलं, ते उचलायला वाकले तर समोर मैदान. पोरी खो-खोला बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. मीही तिथेच बसायचे. आमच्या संघाने तालुक्याला ढाल आणली होती, ती ढाल अजून हेडमास्तरांच्या कपाटावर आहे. बाई सांगायच्या, "पाठीवर खो बसल्याशिवाय जी उठेल ती बाद. बाजूचे लोक किती का ओरडेनात." मी पत्र वाचलं. सदस्यांचा कल अनुकूल आहे. मेला तो तर काहीच बोलला नव्हता. बोलत होते ती मी, आणि ते सुद्धा दत्तूशेठच्या तोंडचं. इतकी लाज वाटली मला! घरी आले आणि साडी घडी करून ठेवली. पत्र मात्र फाडलं नाही. गाळ्याचा मोह तेवढ्याने सुटत नसतो.

सभेच्या दिवशी मांडव भरला. रिसॉर्टवर ठेवलेले सगळे परत आले, चेहरे चांगले तुकतुकीत झालेले. गतिरोधकावर पांढरी चादर आणि चादरीवर त्याची पाटी: मा. गतिरोधक, नगरसेवक, प्रभाग सात. पाटीशेजारी सतरंजीवर मी. पत्र कमरेला खोचलेलं.

आमच्याकडे हात वर करून मतदान होत नाही. पूर्वी व्हायचं, पण काही सदस्य दोन्ही बाजूंना हात वर करायला लागले. म्हणून नियम झाला, ठराव मान्य असेल त्याने उठून मांडवाच्या कमानीखाली जायचं, अमान्य असेल त्याने जागेवर थांबायचं. आमच्या सदस्याच्या वतीने पाटी उचलून नेण्याचं काम माझं. शाळेला चुना लावायचा ठराव होता तेव्हा मी नेली होती. त्यात कुणाचंच दुमत नव्हतं.

कुलथे साहेबांनी ठराव वाचला. दत्तूशेठ आणि त्यांचे सात जण उठले, कमानीखाली जाऊन उभे राहिले. विरोधातले आठ जण खुर्च्या धरून बसले. मग मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"विमलताई," शेठ लांबून म्हणाले, "पाटी घ्या."

खरं सांगते, टपरी डोळ्यांपुढे आली, सासूची इस्त्री आली. मी पाटीला हातही लावला. मग हात चादरीवर ठेवला. खाली तो होता, उन्हाने तापलेला.

"सदस्य उठले की पाटी उठेल, शेठ."

"ते कसे उठणार?"

"मग नाही उठणार."

"अहो, पण त्यांचा कल—"

"कल कुठला? दोन्हीकडून सारखाच उतार आहे त्यांना. हवं तर टेप आणा."

मांडवात हशा पिकला. कुलथे साहेबांनी खरोखरच ओव्हरसियरला टेप आणायला लावली. दोन्हीकडचा उतार मोजला, तो सारखाच निघाला. मग साहेबांनी इतिवृत्तात लिहिलं: सदस्य पूर्ण वेळ जागेवर उपस्थित. ठराव आठ विरुद्ध नऊ मतांनी नामंजूर. मी कमरेचं पत्र काढलं आणि टपरीवर गेल्यावर इस्त्रीच्या निखाऱ्यात घातलं. लगेच पेटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतिक्रमणवाले आले. शेठ शब्दाला पक्के. पत्रे, बाकडं, टेबल, लोकांचे कपडे आणि माझी इस्त्री असं सगळं त्यांनी ट्रॉलीत फेकलं. मी रडले, रस्त्यात बसून रडले. नवा ट्रॅक्टरवाला पोटतिडकीने म्हणाला, "मावशी, आमचं पोट आहे हो," आणि गाडी काढली. परगावचा होता बिचारा, आमच्या सदस्याची ओळख नव्हती. वेगात गेला. ट्रॉली हातभर उडाली, मागचा फळका उघडला आणि पाच शेरांची इस्त्री धाडकन रस्त्यावर आली. त्यामागून टेबल आलं, चारही पायांवर. ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं आणि तो तसाच पुढे गेला.

मी जाऊन इस्त्री उचलली. दांडा शाबूत होता. सदस्याचे आभार वगैरे मानले नाहीत. तो ड्यूटीवर होता.

आता मी मैदानाच्या भिंतीलगत बसते, हेडमास्तरांनी जागा दिलीय. येत्या सोमवारी सभा आहे, चादर धुऊन इस्त्री करून ठेवलीय, पाटी पुसलीय. मघाशीच दत्तूशेठची गाडी गेली. त्याच्यापाशी आली आणि हळू झाली.