मातीच्या शेवया

कुंदाताईंकडे चहाला गेलात, तर कप उचलण्याआधी आत वाकून बघा. त्यांच्या टेबलावर कपच कप असतात. एखाददुसऱ्यात चहा, बाकीच्यांत माती भिजत घातलेली. मी एकदा बोलण्याच्या नादात चुन्याचं पाणी ओठाला लावलं. ताईंनी कप हिसकावून घेतला. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

"काहून सँपल खराब करून राहिले, भाऊ?"

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमची भिंतीला भिंत. ताई रस्ते बांधणाऱ्या कंपनीत माती तपासणाऱ्या इंजिनियर. आमच्याकडची काळी माती, म्हणजे कन्हार, पावसात फुगते आणि उन्हात तडकते. वरचा रस्ताही मग तिच्यासोबत नाचतो. तिच्यात आधी चुना, मग सिमेंट कालवून तिला ताळ्यावर आणायचं, हे ताईंचं काम. काम कसलं, वेडच. माझ्या भाचीसाठी स्थळ आलं. मुलगा देखणा, पगार चांगला, सगळे खूश. ताईंनी एकच विचारलं, "पाणी पाजून पाहिलं काय?" त्यांच्या मते माती असो की जावई, कोरडेपणी सगळे घट्टच दिसतात.

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ताई आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंनाही त्यांनी कामाला लावलंय. ओल्या मातीची बारीक वळी वळून बघायची असते. चुना नीट लागला असेल तर ती लवकर तुटते. सासूबाई पाटावर वळत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पहा बाप्पा, ही सून मले मातीच्या शेवया करायले लावते!" शेवई तुटली की मात्र दोघीही टाळ्या पिटतात.

अभनपूरच्या पलीकडे ताईंचा एक रस्ता चालला होता. मी त्या बाजूला निघालो होतो, म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे डबा दिला. जाऊन पाहतो तो ताई भर रस्त्यात, रोलरच्या पुढ्यात, छत्री उघडून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या.

"मॅडम, हटिए ना. रोलर खाली खड़ा है," सुपरवायझर काकुळतीला आला होता.

"खड़ा रहने दो. चूना अभी डाला है, मिट्टी को पचने दो. सिमेंट कल."

त्यांनी तिथंच डबा उघडला, रोलरच्या ड्रायव्हरला अर्धी पोळी दिली आणि संध्याकाळपर्यंत खुर्ची सोडली नाही. दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन मीच गेलो. सिमेंट पडलं आणि बाईंचा अवतारच पालटला. सुपरवायझर चहाला निघाला, तर त्याच्यामागे धावल्या. "अब चाय? सिमेंट तुम्हारे लिए रुकेगा क्या? पहले रोलर चलाओ!" बिचारा मला म्हणाला, "भैया, कल बैठा के मारा, आज दौड़ा के मार रही हैं."

पावसाळा गेला. शेजारचा जुना रस्ता नेहमीसारखा फुगला, खचला. ताईंचा सपाटच राहिला. मी मनापासून कौतुक केलं, तर म्हणाल्या, "एका पावसाळ्यानं काय होते? आणखी दोन-तीन जाऊ द्या."

दिवाळीनंतर एका सकाळी त्या दारात आल्या. "भाऊ, गाडी काढता काय? आईले माहेरी न्यायचं आहे."

सासूबाईंचं माहेर त्याच रस्त्यावरचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या तिकडे गेल्याच नव्हत्या. जरा गचका बसला की कळवळायच्या, आणि रात्रीही दुखण्यानं उठून बसायच्या. ताईंनी त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि डोकं मांडीवर घेतलं. अभनपूरपर्यंत त्या कण्हत होत्या. नवा रस्ता लागला, गाडी तरंगल्यासारखी चालली. मी मोठ्यानं म्हणालो, "वा, ताई! काय रस्ता केलाय!"

आरशात पाहिलं. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं. सासूबाई तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.

गाव आलं. सासूबाईंचा म्हातारा भाऊ धुतलेलं धोतर नेसून फाटकाशी उभा होता. मी ब्रेकवर पाय ठेवणार, तोच मागून कुजबुज आली, "थांबवू नका, भाऊ. पुढे चला. थोडं झोपू द्या त्यांले."

नवा रस्ता संपेपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पुन्हा वळलो. दर खेपेला म्हातारबुवा हात उंचावून पुढे येत आणि गाडी समोरून निघून जाई. ताई खिडकीतून त्यांना एका हातानं 'जरा थांबा' अशी खूण करत. दुसरा हात सासूबाईंच्या मानेखाली होता. तो त्यांनी जरासुद्धा हलवला नाही.