चौथीला न्यायला कुणी येईना

शेजारच्या मोहोळकरांच्या गिटारवरची ब्लूज स्केलची चौथी पोझिशन रुसून आमच्याकडे राहायला आली.

मी दार उघडलं तर हातात पिशवी, कडेवर तिची पोर, ब्लू नोट नावाचा एक उदास सूर. म्हटलं, "ये बाई, आत ये आधी." शेजारच्या घरातलं माणूस दारात उभं ठेवायची आपली पद्धत नाही. आमचे हे पेपरामागून म्हणाले, "मोहोळकरवहिनी गेल्यापासून त्या घरात कुणाचं लक्ष नाही." आणि पुन्हा पेपरात शिरले.

चहा झाल्यावर मी हळूच विषय काढला. ब्लूज म्हणजे ते उदास इंग्रजी गाणं; त्याच्या स्केलच्या, म्हणजे सुरांच्या ओळीच्या, एकंदर पाच पोझिशन, बोटं ठेवायच्या पाच जागा. गिटारच्या दांडीवर त्या ओळीने राहतात, आपल्या सोसायटीतल्या ब्लॉकसारख्या. एकीची शेवटची भिंत तीच दुसरीची पहिली. चौथीचं घर बाराव्या पट्टीपासून, जिथे दांडीवर दोन ठिपके असतात तिथून.

"जागा चांगली आहे की गं," मी म्हटलं.

"जागेची तक्रार नाही, काकू. हा माणूस दिवसभर पहिलीकडे बसून असतो. तिथेच हसतो, तिथेच रडतो. माझ्याकडे बोटांच्या जागा लिहिलेला कागद बघत येतो आणि एक सूर वाजवून पळतो. घरच्या माणसाला पत्ता बघत यावं लागतं का?"

हे तर बरोबरच होतं. मी तिला आतली खोली दिली. ब्लू नोट मात्र गुणी. बसायची नाही, नुसती इकडून तिकडे जायची.

संध्याकाळी सेक्रेटरी बोरगावे आले. "पाहुणी की भाडेकरू?"

"माहेरपणाला आलीय," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. माहेरपणाला सोसायटीची हरकत नसते.

पलीकडे मोहोळकरांची दैना चालली होती. भिंतीला कान लावायची मला सवय नाही, पण त्या बाजूला आमचं देवघर आहे. ते तिसरीपर्यंत छान यायचे आणि पुढे धाडकन पडायचे. तिसरीची एक भिंतच उघडी पडली होती ना.

शेवटी जिन्यात त्यांना गाठलं. डोळे ओढलेले. म्हणाले, "वहिनी, रविवारी केतकी येतेय. तिची आई गेल्यापासून पोरगी गायलेली नाही. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही न अडखळता दांडीच्या टोकापर्यंत जाऊन दाखवा, मी गाईन. आता मधलं घरच रिकामं, मी जाऊ कसा?"

"मग न्यायला या की!"

"पहिलीला पाठवलं होतं."

मी कपाळावर हात मारला. "अहो भावोजी, जिच्यामुळे ती रुसली तिलाच पाठवलंत? नवऱ्याकडच्या माणसाने स्वतः यायचं असतं. आणि तो कागद घरी ठेवा."

शनिवारी ते गिटार घेऊन आमच्या हॉलमध्ये बसले. चौथी गिटारवर जाऊन बसली खरी, पण पिशवी हातातच ठेवून.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "तिसरीकडून आत या, माझ्या घरातून फिरा आणि पाचवीच्या दाराने बाहेर पडा."

ते आले. मधल्या तारेवर ब्लू नोट भेटली तशी तिलाच कवटाळून बसले. बहुधा त्यांना लहानपणची केतकी आठवली असावी.

"तिच्यावर थांबायचं नाही हो," चौथी हळू आवाजात म्हणाली. "डोक्यावरून हात फिरवायचा आणि पुढे जायचं."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मी पोळ्या करायला गेले, पोळ्या संपल्या, तरी हॉलमध्ये तेच चाललेलं. मग एकदा मोहोळकर डोळे मिटून आत शिरले, सगळ्या खोल्यांतून फिरले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाचवीच्या दाराने बाहेर पडले. डोळे उघडल्यावर विचारलं, "चला आता घरी?"

चौथी म्हणाली, "रोज याल?"

"रोज आधी तुझ्याकडे. मग पहिलीकडे."

मी खण-नारळाने ओटी भरली. ब्लू नोटच्या हातावर खडीसाखर ठेवली. रिकाम्या हाताने कशी पाठवायची?

रविवारी दुपारी मी देवघरातच बसून राहिले, समया पुसायच्या होत्या. पलीकडे पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दोन ठिपक्यांपाशी मी फडकं खाली ठेवलं. मोहोळकर सरळ आत गेले. जराही न थांबता पाचवीतून टोकाला पोचले. मग गिटार थांबली. मी समई तशीच हातात धरून बसले.

आणि केतकी गायला लागली. आवाज जरा गंजलेला होता, पण तिचाच होता.

ह्यांनी बाहेरून विचारलं, "लागला का सूर?"

"लागला हो," मी म्हटलं, आणि किती दिवसांनी पाठ टेकून बसले.

संध्याकाळी आतल्या खोलीतली चादर धुवायला टाकली. गादी मात्र माळ्यावर टाकली नाही, हाताशीच ठेवलीय. पाचवीकडेही फारसं कुणी जात नाही, असं चौथी जाताना म्हणाली होती.