शुक्रवारचा पॅच

ज्या वर्षी धरणाचा तळ दिसू लागला आणि पैठण रस्त्याला नव्या इमारतींचे मजले मात्र वाढतच राहिले, त्या वर्षी गुलमंडीतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर अख्खं शहर नव्यानं बांधून पूर्ण झालं. बांधणारे दोघंच होते. एक प्रांजली शिंगाडे, चितेगावच्या धनगरवस्तीत मंजुळाआत्याच्या शेळ्यांमागं फिरून मग इंजिनिअर झालेली. आणि दुसरा अम्मार, खालच्या दुकानाच्या मालकाचा, म्हणजे शफीभाईंचा पुतण्या. दोघांनी नोकऱ्या सोडल्या, माडी भाड्यानं घेतली आणि 'सुसाट' नावाचा गेम तयार केला.

गेम असा, की मनाजोगी गाडी घ्यायची आणि शहरभर वाटेल तिकडं पळवायची. गुलमंडीत घुसा, क्रांती चौकाला गिरक्या मारा, कुणी अडवणार नाही. मुख्य शर्यत क्रांती चौकातून सुटायची आणि चितेगावला आत्याच्या वस्तीपाशी संपायची. अडचण एवढीच होती, की ती संपत नव्हती.

रस्त्यांत मध्येच भोकं राहून गेली होती. गाडी त्यात गेली की खाली खाली जात राही. शहर वर राही आणि खेळणारा निळ्या पोकळीत एकटा उरे. पाणी कुठं उमटतच नव्हतं, त्यामुळं धरण कोरडं आणि नळही कोरडे. टँकरला चालक नव्हता आणि तो एकाच चौकाला फेऱ्या घालत बसे. शेळ्या जमिनीपासून हातभर वर तरंगत होत्या.

बंगळूरच्या एका परीक्षकाच्या शब्दावर देशभरातले खेळणारे डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्यानं 'सुसाट'ला दीड तारा दिला. त्यानं लिहिलं, "या शहरात रस्ते अपुरे आहेत, पाण्याचा पत्ता नाही आणि वाहनं कुणाच्याच ताब्यात नाहीत. असं शहर जगात कुठं असूच शकत नाही. पॅच आला की पुन्हा बघू."

प्रांजलीला रडू आलं आणि ते तिनं आवरलंही नाही.

"रोते क्या बैठी?" अम्मार म्हणाला. "उनो सच्चीच लिखे ना. पॅच बनाते अपन. फिर देखना, खुद आके तारे देंगे."

गेममधले दोष काढण्यासाठी मागून जो तुकडा जोडतात, त्याला त्या धंद्यात पॅच म्हणतात. खड्डे बुजवण्याच्या धंद्यातही हाच शब्द चालतो. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

इकडं गावातली तऱ्हा वेगळीच होती. गावानं 'सुसाट' डोक्यावर घेतला. "पाच तारे. आमच्या गल्लीतला खड्डा अगदी जागच्या जागी आहे." "पाच तारे. टँकर इथंही आला नाही." "पाच तारे. पहिल्यांदा कुणीतरी खरं दाखवलं." भोकं चुकून राहिलीत असं एकाच्याही मनात आलं नाही. उलट, इतका बारकाईनं अभ्यास कधी केला, अशी विचारणा होऊ लागली. गाडी पोकळीत पडली की पोरं टाळ्या पिटायची आणि पुन्हा तिथंच पडायला जायची.

मग प्राध्यापक साहेबराव तांगड्यांनी रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. सर सौंदर्यशास्त्र शिकवत. त्यांनी गेम स्वतः खेळला नव्हता, पण जावयाच्या खांद्यावरून जेवणाची वेळ होईपर्यंत पाहिला होता. पोकळीत कोसळणारी चारचाकी म्हणजे आधुनिक माणसाची आधारहीनता, असं त्यांनी ठरवलं. कोरडा नळ हा शासनसंस्थेच्या मौनाचा हुंकार ठरला. तरंगत्या शेळ्या म्हणजे पशुपालक समाजाचं भूमीपासून तुटणं, आणि ते त्यांना इतकं भिडलं होतं की त्यावर दोन रकाने खर्ची पडले होते.

लेखामागोमाग प्रांजलीचा सत्कार झाला, त्या कार्यक्रमात ती दबक्या आवाजात म्हणाली, "सर, शेळ्या चुकून वर गेल्यात."

"निर्मात्याला आपली निर्मिती कळलीच पाहिजे असं नाही," सर मायेनं म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. त्या उन्हाळ्यात ती शाल घेऊन बसणं हीही एक प्रकारची परीक्षाच होती.

पाठोपाठ नागरी रस्ते व जल समन्वय कक्षाचं बोलावणं आलं. वाढत्या शहरात रस्ते एका खात्याकडं, पाणी दुसऱ्याकडं आणि तक्रारी तिसऱ्याकडं जात असल्यानं, या सगळ्यांचा एकमेकांशी समन्वय होऊ नये याची काळजी घेण्यासाठी हा कक्ष उघडला होता. दारात बन्सी शिपाई मांडीवर टॅब घेऊन बसला होता.

"या ताई. येताना तरास नाय ना झाला?" त्यानं हसून विचारलं.

"छे, काहीच नाही," प्रांजली म्हणाली. खरं तर क्रांती चौकापासून तिची स्कूटी तीनदा आपटली होती, पण कुणी पाण्याचा पेला पुढं करून असं विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

बन्सीनं टॅबवर बोट टेकवलं आणि तिला आत सोडलं.

कक्षप्रमुख त्रिंबक वाघचौरे आनंदी गृहस्थ होते. "मॅडम, खड्ड्यांची पाहणी आमच्याकडं सात वर्षं प्रगतिपथावर आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडं ती तयारच दिसली. म्हणून आजपासून तुमचा गेम हा कक्षाचा अधिकृत सद्यःस्थितीदर्शक नकाशा. त्यात जिथं कोरडं, तिथं टँकर. जिथं भोक, तिथं विचार."

"पण सर, ते दोष आहेत."

"आमच्याकडं त्याला सद्यःस्थिती म्हणतात."

"लोकांच्या तक्रारी येत असतील ना? त्यावरून नाही का ठरवता येणार?"

वाघचौऱ्यांनी अभिमानानं मान हलवली. "एकही तक्रार नाही. दारात प्रत्येकाला तोंडी विचारतो आम्ही, येताना त्रास नाही ना झाला म्हणून. बन्सी तिथल्या तिथं तारे देतो. कक्ष उघडल्यापासून पाचाच्या खाली उतरलो नाही."

प्रांजली परत आली ती इरेला पेटून. शाली नकोत आणि नकाशाही नको. तिला आपला गेम नीट करायचा होता. तो परीक्षक बंगळूरचा असो की कुठला, त्याचं म्हणणं खरं होतं. आपण बांधलेल्या रस्त्यावरून एक तरी गाडी आत्याच्या वस्तीपर्यंत पोचलीच पाहिजे, असा तिचा हट्ट होता. काम उरकत आल्यावर तिनं जाहीर केलं, "शुक्रवारी पॅच येतोय. सगळे खड्डे बुजतील. पाणीही दिसेल."

गावातल्या वर्तमानपत्रानं ही बातमी पहिल्या पानावर घेतली. फक्त गेमचं नाव जागेअभावी गळलं.

गुरुवारी संध्याकाळपासूनच तयारी दिसू लागली. नळांपुढं ड्रम आणि हंडे मांडले गेले. रोलरला अडचण नको म्हणून लोकांनी दारातल्या गाड्या आत घेतल्या. शफीभाईंनी फुटपाथवर काढलेलं कापड आयुष्यात पहिल्यांदा दुकानात नेलं आणि आत इतका माल मावतो हे पाहून ते स्वतःच चकित झाले. खरं काय ते विचारायला लोकांनी कक्षाकडं फोन केले, तेव्हा कक्षानं खंडन करायचं नाकारलं. खंडन केलं तर पॅच येणार नाही असा अर्थ होतो, आणि तसं सांगायचे अधिकार कक्षाला नव्हते.

चितेगावहून मंजुळाआत्याचा फोन आला. "पोरी, पाणी येतंय म्हनं उद्या?"

"आत्या, ते गेममधी गं. खोटं-खोटं."

"व्हय. पर मंग खोटं कामून सांगावं पेपरात? म्या तर शेळ्यांचं टाकं धुऊन ठिवलं."

शुक्रवारी पॅच आला. गेममधले रस्ते गुळगुळीत झाले, धरण काठोकाठ भरलं, शेळ्यांचे पाय जमिनीला लागले. प्रांजलीनं क्रांती चौकातून गाडी सोडली आणि कुठंही न पडता चितेगावला वस्तीपाशी नेऊन उभी केली. तिला इतका आनंद झाला की तिनं अम्मारला धरून गदागदा हलवलं. बंगळूरच्या परीक्षकानं शब्द पाळला आणि साडेचार तारे दिले. "आता कुठं हे शहर खरं वाटतं," त्यानं लिहिलं.

खऱ्या रस्त्यावर अर्थातच काही झालं नाही. लोकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, ड्रम आत नेले आणि मोबाइल बाहेर काढले. "एक तारा. निव्वळ काल्पनिक." "एक तारा. आमच्या नळाला पाणी दाखवलंय. भावनांशी खेळ." "एक तारा. खड्डे चुकवण्यात मी गावात पहिला होतो. आता कुणीही जिंकतंय." साहेबराव सरांनी पुढच्या रविवारी लिहिलं की निर्माती बाजाराला शरण गेली असून तिच्या शेळ्यांनी अखेर जमिनीशी तडजोड केली आहे. सत्काराची शाल परत मागण्याचा विचार मात्र त्यांनी संयमानं बाजूला ठेवला.

हे सगळं प्रांजलीनं हसून सोसलं असतं, पण आठवडा गेल्यावर पुन्हा आत्याचा फोन आला.

"टँकर बंद केला गं आमचा. डायवर म्हनला, वरून सांगितलंय, दुष्काळ हटला. शेळ्या टाक्यापाशी उभ्या ऱ्हाऊन माझ्या तोंडाकडं बघत्यात. तू शिकलेली हायस, इचार की कुनाला तरी."

प्रांजली धावतच कक्षात गेली. "या ताई. येताना तरास नाय ना झाला?" बन्सीनं विचारलं. "नाही हो," ती घाईत म्हणाली. बन्सीचं बोट टेकलं.

"टँकर कुणी बंद केला, सर?"

"तुम्हीच," वाघचौरे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कौतुकच होतं. "सद्यःस्थितीत धरण भरलंय. भरलेल्या धरणाखालच्या वस्तीला टँकर दिला तर उधळपट्टी होते. चौकशी लागते."

"अहो, तो गेममधला पॅच आहे. खऱ्या रस्त्यावर काहीच बदललं नाही."

"मॅडम, पॅच असाच असतो. आमचाही झाल्यावर रस्त्यावर काहीच बदललेलं दिसत नाही. म्हणून आम्ही कधी झाला नाही असं म्हटलंय का?"

"मग तुम्ही एकदा चितेगावला जाऊन डोळ्यांनी बघा."

वाघचौऱ्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "त्या रस्त्यानं?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी मार्ग सुचवला. "दुष्काळ परत आणा. आज आणलात तर उद्या टँकर सोडतो."

माडीवर येऊन प्रांजलीनं पडद्यावर गेम उघडला. एका बाजूला आयुष्यातलं पहिलं नीट केलेलं काम होतं आणि साडेचार तारे होते. दुसऱ्या बाजूला आत्याचं धुऊन ठेवलेलं टाकं होतं. अम्मारनं चहा आणून ठेवला.

"तू बोल," तो म्हणाला. "मेरे को तारे नहीं होना. पर मेहनत अपनी थी, इतना याद रख."

"शेळ्यांना पाणी पाहिजे, अम्मार," ती म्हणाली, आणि तिनं पॅच काढून टाकला. रस्त्यांना भोकं पडली, धरण आटलं, शेळ्या पुन्हा हातभर वर गेल्या. तिला फार वाईट वाटलं. आपल्याच हातानं आपली भिंत पाडावी लागावी तसं ते होतं.

बंगळूरनं तारे काढून घेतले. गावानं मात्र पाचच्या पाच परत दिले. पॅच निघाल्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आपल्याकडचा पॅच इतके दिवस टिकला हेच विशेष, असं सगळे म्हणाले. साहेबराव सरांनी 'पोकळीचं पुनरागमन' हा लेख लिहिला. आणि आता माडीच्या जिन्यात वेगळीच माणसं दिसू लागली. प्रत्येकाला आपल्या गल्लीत थोडा अधिक दुष्काळ हवा होता. एका बिल्डरला तेवढा त्याच्या इमारतीपुरता पाऊस पाहिजे होता.

टँकर सुटल्याचं कळलं, तेव्हा प्रांजली स्कूटी काढून चितेगावला निघाली. पैठण रस्त्याला ती एक खड्डा डावीकडून टाळत होती, दुसरा उजवीकडून, तिसऱ्यापाशी समोरच्या ट्रकला जागा देऊन थांबत होती. यातलं काहीच तिच्या लक्षात येत नव्हतं. वळणं अंगवळणी पडलेली होती. वस्तीत शिरली तेव्हा शेळ्या टाक्यात तोंडं घालून पीत होत्या, आणि ते पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

आत्यानं पाण्याचा तांब्या दिला. "ये पोरी. येताना तरास नाय ना झाला?"

"छे गं आत्या," प्रांजली म्हणाली, "काहीच नाही." आणि तांब्या तोंडाला लावता लावता तिचा हात थांबला. तिच्या डोळ्यांपुढं बन्सीचं टॅबवर टेकणारं बोट आलं.

तुम्हाला हसू आलं असेल. तिकडच्या लोकांचं काही खरं नाही, असंही वाटलं असेल. असो. क्रांती चौकातून निघून तुम्ही गोष्टीबरोबर चितेगावपर्यंत आलात, तेही या उन्हात. बसा, पाणी घ्या. येताना काही त्रास नाही ना झाला?

सावकाश सांगा. बन्सी बोट उचलून बसला आहे.