अर्ध्या मिशीचं आश्वासन

उघड्या गटारात त्या आठवड्यातलं तिसरं गिऱ्हाईक पडलं, तेव्हा सलूनवाल्याच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. गटार नेमकं दुकानाच्या दारात. दाढीला आलेला माणूस आधी पाय धुवायला पाणी मागायचा. असंच चाललं तर महिन्याभरात दुकानाला टाळं लागणार होतं.

"साहेबांनी शब्द दिलाय ना फरशी टाकायचा," सलूनवाला म्हणाला.

"पंधरा वर्षांपूर्वी! आणि मग दर निवडणुकीला नव्यानं!"

तेवढ्यात साहेबच दारात हजर. साहेब म्हणजे उमेदवार, आणि उमेदवार म्हणजे मुख्यतः मिशी. भिंतीभिंतीवर तीच झळकत होती. त्यांना साध्या दुकानात दाढी करतानाचा फोटो हवा होता. दोघा कार्यकर्त्यांनी त्यांना उचलून गटाराच्या अलीकडे आणलं.

वस्तरा मिशीच्या काठाशी आला, फोटोवाला सरसावला आणि साहेबांना चेव चढला. "निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी या गटारावर..." म्हणत त्यांनी हात उंचावला. कोपर सलूनवाल्याच्या मनगटाला लागलं आणि डावीकडची अख्खी मिशी टॉवेलवर उतरली.

"अरे, पाचला सभा आहे माझी!" साहेब आरशात बघून किंचाळले. "मला ओळखणार कोण?"

सलूनवाल्यानं वस्तरा पाठीमागे लपवला. बायको मात्र पदर खोचून पुढे आली.

"घाबरू नका, साहेब. अगदी अश्शीच मिशी मिळेल तुम्हाला, माझा शब्द आहे. फक्त आधी फरशी."

"निवडून आलो की लगेच, वहिनी!"

"मग मिशीही तेव्हाच."

साहेबांनी निमूट फोन काढला. पंधरा वर्षं जे जमलं नव्हतं, ते दीड तासात जमलं. टेम्पो आला, गवंडी आले, फरश्या बसल्या. वहिनींनी त्यांवर दोन उड्या मारून पाहिल्या आणि खुशीत तिसरीही मारली.

"आता उरलेली काढा हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नव्या मिशीला जागा साफ नको?"

साहेब विश्वासानं डोळे मिटून बसले. काम झाल्यावर त्यांनी गुळगुळीत ओठावरून हात फिरवला.

"हं, आणा आता मिशी!"

"मिशी मंजूर झालीय, साहेब," वहिनी टॉवेल झटकत म्हणाल्या. "दीड-दोन महिन्यांत आपोआप येईल."