मासेदोनियोबाबांचा कौल आणि ड्रॉपरचं पेन

स्वस्त पेनांच्या बाबतीत नेमेसियो लिमाचीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं! बोलिव्हियातल्या ला पाझच्या खालच्या अंगाला, ओब्राहेस भागात, एका नोटरीच्या कचेरीत तो कारकून होता. कुणी नुसतं खिशाला पेन लावून आलं की याचं प्रवचन सुरू.

"कार्ट्रिजचं पेन म्हणजे भाड्याचं घर! शाई संपली की पळा दुकानात. पिस्टनचं दिसायला साहेबी, पण पोट चिमणीएवढं. रबरी पिशवीचं दाबायला मजा येते, पण ते रबर कधी दगा देईल सांगता येत नाही. घ्यावं तर ड्रॉपरचं! ड्रॉपरनं शाई थेट नळीत सोडा, अख्खी नळी हीच टाकी. आट्यांना जरासं ग्रीस चोपडा आणि वर्षभर लिहा. थेंब गळला तर मिशी उतरवीन!"

मिशी विरळच होती, त्यामुळे पैज फारशी कुणी घेतली नाही.

असा हा नेमेसियो चाळिशीला टेकला असताना औषधांच्या दुकानातल्या एउलालियाच्या प्रेमात पडला, आणि नवल म्हणजे तीही पडली. एउलालियाचं घर वर, एल आल्तोत. दोन केबल कार बदलून उघड्या माळावर पोचायचं, जिथे भरदुपारीही वारा हाडात शिरतो. घरात आई सातुर्निना, जिला सगळे मानानं 'दोन्या' म्हणत, वडलांमागे घर सांभाळणारे एवारिस्तो काका, आणि मासेदोनियोबाबा.

मासेदोनियोबाबा म्हणजे कवटी. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डोक्याला विणलेली पांढरी टोपी, डोळ्यांच्या खोबणींत कापूस, दातांत पेटती सिगरेट. सोमवार हा आत्म्यांचा वार. त्या दिवशी बाबांपुढे मेणबत्त्या, फुलं, कोकाची पानं मांडायची आणि घरातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय करायचं नाही. मुलीला मागणी घालणाऱ्यानं आपल्या हातानं, शाईनं, चिठ्ठी लिहून बाबांपुढे ठेवायची अशी त्या घरची रीत. बॉलपेन चालत नसे. बाबांच्या काळी बॉलपेन नव्हतं!

"शाईनं? अरे, हे तर माझंच अंगण!" नेमेसियो खूश झाला.

पहिल्या सोमवारी तो सूट घालून, पेन शाईनं भरून वर गेला. खोलीचे पडदे ओढलेले. मेणबत्त्यांच्या उजेडात बाबा सगळे दात दाखवत बसले होते. एवारिस्तो काका कोपऱ्यात हॅट मांडीवर घेऊन.

"या कारकूनसाहेब," काका म्हणाले. "खालची माणसं आमच्या पोरी नेतात आणि पुन्हा वर फिरकत नाहीत. बघू बाबा काय म्हणतात."

नेमेसियोनं ऐटीत पेनाचं टोपण काढलं. निबेवर एक काळा थेंब फुगला, लोंबला, आणि बरोब्बर बाबांच्या हनुवटीखाली पडला. टप्!



"रडले!" काका कुजबुजले. "बाबा रडले! हा नकार आहे."

"नकार असता तर सिगरेट विझली असती, भावोजी," दोन्या सातुर्निना छातीवर क्रूस काढत म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी पुन्हा विचारू."

खाली कचेरीत येताच नेमेसियोनं पेनाची झडती घेतली. उलटं टांगलं. झटकलं. पांढऱ्या कागदावर आडवं निजवून दिवसभर ठेवलं. थेंब नाही! दुसऱ्या दिवशी तेच. पेन निर्दोष होतं, आणि तिथंच खरी पंचाईत झाली. कारण पेन निर्दोष असेल तर दोष कुणाचा? आयुष्यात कधी भुताखेतांवर विश्वास न ठेवलेला हा माणूस. पण ड्रॉपरचं पेन गळतं हे मान्य करण्यापेक्षा त्याला कवटी रडते हे मान्य करणं सोपं गेलं.

रात्री उशीत तोंड खुपसलं तरी ते कापसाचे डोळे दिसत. मग त्याला एकदम सुचलं. काळा रंग सुतकाचा! बाबांना तोच खुपला असणार. त्यानं पेन धुतलं आणि कचेरीतली लाल शाई भरली. बाटलीत तळालाच उरली होती, पेनाचं पोट जेमतेम ओलं झालं. कमी शाई, कमी धोका, असा त्याचा हिशोब.

दुसऱ्या सोमवारी खोली जास्तच गार होती. पेन मुठीत घट्ट आवळून त्यानं टोपण काढलं. टोपणातून लाल ओघळ मनगटावर आला, मनगटावरून बाहीत. त्यानं घाबरून मूठ आणखी आवळली, तशी निबेतून टपटप धार लागली. बाबांच्या पांढऱ्या टोपीवर लाल, दातांवर लाल!

"रक्त!" काका ओरडले. हॅट एकीकडे, काका दुसरीकडे. "रक्त ओकले बाबा!"

"शाई आहे हो काका, शाई!"

"मग थांबव ना!"

"थांबत नाहीये!"

हे मात्र खरं होतं. तो जितका घाबरे तितकं ते पेन गळे, आणि गळे तितका तो घाबरे. एउलालियानं त्याला हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा त्याचे दात बाबांपेक्षा जास्त दिसत होते.

मागून काकांचा आवाज आला, "शेवटचा सोमवार देतो! बाबांनी स्पष्ट कौल दिला नाही, तर मागणी घालून बसलेल्या ओरुरो गावच्या ट्रकवाल्याला होकार कळवून टाकतो!"

त्या आठवड्यात नेमेसियोनं कुणालाही पेनाचं प्रवचन दिलं नाही. एउलालिया दुसऱ्याची होणार, या विचारानं त्याला कचेरीत कागदांवर डोकं ठेवून रडू आलं. शुक्रवारी एउलालियाला घरी सोडायला तो केबल कारनं निघाला. तिनं खायला बटाट्याच्या कापांची पुडी घेतली होती. वर पोचेपर्यंत ती पुडी ढोलासारखी टम्म फुगली. तिथल्या लोकांना यात काहीच नवल नाही. पण एउलालिया पुडीकडे बघता बघता थांबली.

"नेमेसियो, तुझ्या पेनात शाईच्या वर काय असतं?"

"काय असणार? हवा."

"आणि शाई कमी भरलीस की?"

"जास्त हवा..." त्याचा चेहरा उतरला.

"वर हवा विरळ, म्हणून इथं आलं की पेनातली हवा फुगते आणि शाईला ढकलते. वरून तू मुठीत धरून ऊब देतोस! खाली कचेरीत कशी गळेल?"

भीती गेली, पण नेमेसियोला हायसं वाटलं नाही. भूत असतं तर परवडलं असतं! ज्या पेनाचे गोडवे गायले त्यानंच उंचीवर नेऊन तोंडघशी पाडलं होतं. मान खाली घालून त्यानं कार्ट्रिजचं पेन विकत घेतलं. दुकानदारानं त्याला ओळखलं आणि तेवढ्यात खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं. नेमेसियोनं लाजेकाजेस्तव सोबत निळ्या शाईची एक बाटलीही घेतली.

तिसऱ्या सोमवारी ती बाटली पिशवीसकट दाराशी खुंटीला टांगून तो बाबांपुढे बसला. टोपण काढलं. थेंब नाही! चिठ्ठी लिहिली, मोत्यासारखी. टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं. जग जिंकल्यासारखं त्यानं काकांकडे पाहिलं.

काका गंभीर झाले होते.

"गप्प बसले," ते म्हणाले. "रडले, रक्त ओकले, म्हणजे बोलत तरी होते. आज तोंडच फिरवलंय. कळवतो ट्रकवाल्याला."

"अहो काका, तो थेंब बाबांचा नव्हताच! हवा होती ती!"

"आमच्या बाबांना तू हवा म्हणतोस?"

एउलालिया रडायला लागली. नेमेसियोनं पुडीपासून सुरुवात करून सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण कवटीपुढे बटाट्याच्या कापांविषयी बोलणारा माणूस कुणालाच समजूतदार वाटत नाही.

"पुरे," दोन्या सातुर्निना म्हणाल्या. "सगळ्यांनी डोळे मिटा. मी विचारते त्यांना."

सगळ्यांनी डोळे मिटले. बाहेर वारा पत्र्यांवरून सरपटत गेला. सिगरेटचा वास जवळ आला, जणू कुणीतरी वाकून पाहत होतं. नेमेसियोच्या मानेवरचे केस उभे राहिले. आणि त्या शांततेत आवाज आला.

टप्.

डोळे उघडले तर चिठ्ठीवर, बरोब्बर एउलालियाच्या नावापुढे, गोल निळा थेंब. ओला. थरथरता.

नेमेसियोनं खिसा चाचपला. पेन जागेवर, टोपण घट्ट.

"कौल दिला!" दोन्या सातुर्निना म्हणाल्या. एवारिस्तो काका उभे राहिले, बाबांपुढे वाकले आणि त्यांनी नेमेसियोला मिठी मारली. 

निरोप घेताना दोन्या सातुर्निनांनी त्याच्या गालावरून हात फिरवला, तेव्हा त्याला त्यांचा अंगठा दिसला. निळा! नेमेसियोच्या जिवात जीव आला. त्यानं खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच डोळा मिचकावला.

"काय रे?" त्या म्हणाल्या. "थेंब पुसायला गेले तर भरला अंगठा. पुसलाच जात नाही मेला."

"हो, हो, आई!" तो हसत सुटला.

एउलालिया त्याला केबल कारपर्यंत सोडायला आली, तर रांगेतही तो हसतच होता. "तुझी आई म्हणजे कमाल बाई आहे! सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि माझ्याच बाटलीत अंगठा बुडवला. थांब, दाखवतो."

त्यानं पिशवीतून बाटली काढली. दोघांनी ती दिव्याखाली धरली. झाकणावरचं दुकानाचं सील जसंच्या तसं होतं.

एउलालिया त्याला बिलगली.  पाठीमागे एल आल्तोचा वारा वाजत होता.

"मग," ती म्हणाली, "तो थेंब आला कुठून?"

नेमेसियोनं घसा खाकरला. इतक्या वर्षांचा जाणकार. काहीतरी मत देणं भागच होतं.

"ते माहीत नाही," तो म्हणाला. "पण पद्धत चांगली आहे. शाई भरावीच लागत नाही."